हुकलेली वेळ आणि उरलेले काम



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला की तो वेतनावर, बोनसवर किंवा नव्या श्रमसंहितांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा माझ्याही तोंडावर तेच आले होते. पण गेली तीस वर्षे मी दर रविवारी सकाळी कामगारांना त्यांचे कागद वाचून देत आलो आहे. त्या टेबलासमोर जे वाक्य मी सर्वांत अधिक वेळा ऐकले, ते पगाराविषयीचे नाही. ते वाक्य असे : "तेव्हाच केलं असतं तर!" कोणी तेव्हाच परीक्षेला बसला असता, कोणी तेव्हाच अर्ज केला असता, कोणी म्हाताऱ्या आईला तेव्हाच जाऊन भेटला असता. या 'तर'च्या पुढे माणसे गप्प होतात. त्या गप्प होण्याविषयी आज बोलावे असे मी ठरविले.

मी सातवीपर्यंत शाळेत गेलेला माणूस. पुढचे जे काही शिकलो ते रात्रशाळेत, ग्रंथालयात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात. तेव्हा शास्त्र्यासारखे विवेचन माझ्याकडून होणार नाही. जे पाहिले, वाचले आणि भोगले, ते क्रमाने मांडतो.

शब्दांपासून सुरुवात

आपल्या भाषेत या दुःखाची किती नावे आहेत पाहा. बस चुकली की चुटपुट लागते. शेजारच्या मुलाची नोकरी थोडक्यात हुकली की आपण हळहळतो. एखादी गोष्ट करावयाची राहून गेली की मनाला रुखरुख लागते. जे आपल्या हातून व्हावयास हवे होते आणि झाले नाही, त्याची खंत वाटते. आणि हातून वाईट घडले, तर पश्चात्ताप होतो. हे शब्द एकाच माळेतले वाटले, तरी त्यांत फरक आहे. चुटपुट संध्याकाळपर्यंत विरते. हळहळ दुसऱ्यासाठीही वाटते. तिच्यात आपला वाटा असतोच असे नाही. खंत मात्र ज्याची त्याची असते. तिच्यात 'मी' असतो, आणि म्हणूनच ती माणसाला बदलू शकते.

संतांनी अनुताप हा शब्द वापरला. अनुताप काय किंवा पश्चात्ताप काय, दोन्हींत 'ताप' आहे. मागाहून येणारी उष्णता आहे. मी इंजिनिअरिंग कारखान्यात काम केलेला माणूस असल्यामुळे मला हा शब्द लगेच समजतो. भट्टीत पोलादाचा तुकडा नुसताच तापत ठेवला, तर तो सुधारत नाही. त्याच्या अंगावर पापुद्रे धरतात, ते गळून पडतात आणि तुकडा झिजतो. तोच तुकडा वेळेवर बाहेर काढून घणाखाली घेतला किंवा तेलात बुडविला, तर त्याचे हत्यार होते. ताप दोघांनाही सारखाच असतो. पुढे काय केले, यावर सारे अवलंबून राहते. खंतीचेही तसेच आहे.

न केलेले का छळते?

केलेल्या चुकीपेक्षा न केलेली गोष्ट अधिक काळ का सलते, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. एका प्राध्यापक मित्राने मला अमेरिकेतील थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडव्हेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९५ सालचा निबंध समजावून दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : नजीकच्या काळात माणसाला आपण केलेल्या चुका अधिक बोचतात; पण साऱ्या आयुष्याकडे वळून पाहा म्हटले की न केलेल्या गोष्टी वर येतात.

कारण उघड आहे. केलेल्या चुकीला एक शेवट असतो. आपण माफी मागतो, भरपाई करतो, निदान "त्यातून धडा तरी मिळाला" असे मनाला सांगतो. न केलेल्या गोष्टीला शेवटच नसतो. मी मॅट्रिक झालो असतो तर कारकून झालो असतो, मग साहेब झालो असतो, मग पोरे चांगल्या शाळेत गेली असती, अशी ती मनात वाढतच जाते. शिवाय त्या वेळी आपल्याला कोणत्या भीतीने मागे ओढले, हे वीस वर्षांनी आठवत नाही. भीती विसरते आणि संधी तेवढी आठवते. मग आपण स्वतःलाच आळशी, भित्रा, करंटा म्हणू लागतो.

दुसरी एक गोष्ट. नील रोझ आणि एमी समरव्हिल यांनी २००५ साली अशा अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या. अमेरिकेतल्या लोकांच्या खंतीत पहिला क्रमांक शिक्षणाचा निघाला. त्यांनी कारण असे दिले की, शिक्षण पुढेही घेता येते. जिथे अजून काही करता येण्याजोगे असते, तिथेच मन पुन्हा पुन्हा टोचत राहते. यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण माझ्या टेबलावरचा अनुभव या म्हणण्याच्या बाजूचा आहे. रुखरुख अजून जागी आहे, तर दार एकदा ढकलून पाहावे. कित्येकदा ते नुसतेच लोटलेले असते.

खंत आणि गाऱ्हाणे

आता जो मुद्दा सांगतो, तो मला चळवळीने शिकविला. हुकलेली प्रत्येक संधी आपण हुकविलेली नसते. काही संधी आपल्याकडून काढून घेतलेल्या असतात. पहिलीची खंत करावी. दुसरीचे गाऱ्हाणे मांडावे. या दोहोंची गल्लत झाली की माणूस बरबाद होतो.

एक जुने उदाहरण घ्या. मुंबईच्या गिरण्यांतून एके काळी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या पुढे केल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीची मागणी होती. ती १० जून १८९० पासून पदरात पडली. आता त्यापूर्वीचा जो गिरणी कामगार अक्षरओळखीवाचून मेला, त्याने "मी शिकलो नाही" अशी खंत करावयाची होती काय? पहाटे जाऊन दिवेलागणीनंतर परतणाऱ्या माणसापुढे निवडीला जागाच नव्हती. जिथे पर्याय नाही, तिथे खंत नाही. तिथे अन्याय आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती हेच ओळखून. शिकण्याची वेळ ज्याच्या हाती नाही, त्याला दोष देत बसण्यापेक्षा त्यांनी शाळेचीच वेळ बदलली.

माझे स्वतःचे घ्या. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची घरे त्यात सापडली. त्या वर्षी मी सातवीत होतो. परीक्षा कशीबशी दिली आणि आम्ही साताऱ्याकडे गावी गेलो. दप्तर खुंटीला लागले ते लागलेच. तेरा वर्षांच्या पोराच्या हातात त्यातले काहीही नव्हते. त्याबद्दल मी स्वतःला एक दिवसही दोष दिलेला नाही, आणि देणारही नाही. ते माझे गाऱ्हाणे आहे.

माझी खंत त्यानंतरची आहे.

मामांचा कागद

१९८७ साली, अठराव्या वर्षी, मी एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. आमच्या युनियनमधले एक जुने फिटर होते. त्यांनी माझे बोलणे ऐकून मला दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला. शाळेत न जाता परस्पर परीक्षेस बसण्याची ती सोय. फॉर्म मी भरला, घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला, आणि तिथेच राहू दिला. लोकांना मी सांगत असे की ओव्हरटाइम चालू होता. ओव्हरटाइम होता हे खरे; पण रात्री साडेअकरापर्यंत गल्लीत कॅरम खेळावयास मला वेळ होता, हेही तितकेच खरे. शेवटची तारीख उलटली. फिटरदादांनी विचारले तेव्हा "पुढच्या वर्षी" म्हणालो. पुढच्या वर्षीही तेच म्हणालो.

एवढ्यावर भागले असते तर ती माझ्यापुरती चुटपुट ठरली असती. पण गेटमीटिंगमध्ये मी बरे बोलत असे, म्हणून मला कमिटीवर घेण्यात आले. आणि कमिटीवरच्या माणसाला सारे काही येते, अशी लोकांची समजूत असते. १९९१ साली एका शनिवारी, पहिली पाळी सुटताना, आमच्या खात्यातले एक वडीलधारे कामगार माझ्याकडे आले. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. त्यांच्या हातात ऑफिसने दिलेला इंग्रजी कागद होता. "बघ रं, काय म्हनत्यात," असे म्हणून त्यांनी तो माझ्या हाती दिला.

मला इंग्रजी अक्षरे जुळविता येत होती. अर्थ लागत नव्हता. आजूबाजूला दहा माणसे उभी होती. मी कागदावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरविली आणि म्हणालो, "काही नाही मामा, नेहमीचाच मेमो आहे. ठेवा घडी करून. सवडीनं बघू."

तो मेमो नव्हता. रजा संपल्यावर अकरा दिवस गैरहजर राहिल्याबद्दलचे ते आरोपपत्र होते. खुलासा अठ्ठेचाळीस तासांत द्यावा, गुरुवारी चौकशीस हजर राहावे, न राहिल्यास चौकशी एकतर्फी होईल, असे त्यात लिहिले होते. त्या अकरा दिवसांचा डॉक्टरचा दाखला मामांच्या ट्रंकेत होता. तो कोणी मागितला नाही, कारण मागितला आहे हे आम्हांला कळलेच नाही. मामा बडतर्फ झाले. दावा सहा वर्षे चालला. शेवटी तडजोडीत काही रक्कम मिळाली. नोकरी गेली ती गेलीच.

यातही गाऱ्हाणे आणि खंत वेगळी करावी लागते. फक्त मराठी वाचणाऱ्या माणसाला त्याच्या पोटावर पाय देणारा कागद इंग्रजीत द्यावा, हे आमचे गाऱ्हाणे. ते आम्ही सोडले नाही. १९९७ च्या करारात प्रत्येक नोटीस मराठीतही देण्याचे कलम घालून घेतले. परंतु मला येत नव्हते आणि मी "येते" असे भासविले, ही माझी खंत. ती कोणत्याही मालकावर ढकलता येत नव्हती.

पुढे काय केले

१९९२ च्या जूनमध्ये मी रात्रशाळेत नाव घातले. पाळी बदलून घ्यावी लागे. वर्गात बाकावर बसल्या बसल्या डोळा लागे. तेविसाव्या वर्षी पंधरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभे राहण्याची लाज काय असते, ती भोगलेल्यालाच ठाऊक. १९९४ च्या मार्चमध्ये परीक्षा दिली; इंग्रजीत नापास झालो. ऑक्टोबरमध्ये तो विषय सुटला.

त्यानंतर जो पहिला कायदा मी शब्दकोश मांडीवर घेऊन मुळातून वाचला, तो स्थायी आदेशांचा १९४६ चा. त्याच्या नवव्या कलमाशी येऊन मी थांबलो. कारखान्याचे स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावले पाहिजेत, असे त्या कलमात होते. रोज दोनदा मी ज्या दारातून ये-जा करीत होतो, तिथल्या फलकाचा हा नियम, आणि तो मला सात वर्षांत ठाऊक नव्हता. त्या रात्री मला मॅट्रिक झाल्याचा आनंद झाला नाही. सतरा नंबरचा फॉर्म वेळेवर गेला असता तर मामांचा कागद मी वाचू शकलो असतो, एवढाच हिशेब डोळ्यांपुढे होता.

१९९५ पासून मी रविवारी सकाळी दहा ते बारा कागद वाचून देण्यास बसू लागलो. तिथे मी स्वतःला एक नियम घालून घेतला : शेवटची ओळ वाचून होईपर्यंत "काही नाही" म्हणावयाचे नाही, आणि एखादा शब्द अडला तर "मला हे समजत नाही, विचारून सांगतो" असे स्पष्ट म्हणावयाचे. तुम्हांला हे किरकोळ वाटेल. पण माझ्यात जो बदल झाला तो हाच. मॅट्रिकचे प्रमाणपत्र पेटीत पडून आहे. 'मला येत नाही' हे चार माणसांत म्हणता येणे ही माझी खरी कमाई.

दावा संपल्यानंतर एका रविवारी मामा स्वतः फंडाचा कागद घेऊन आले. तो वाचून झाल्यावर सारे गेले, ते बसून राहिले. मग मी त्यांना त्या शनिवारचे खरे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तुला येत न्हवतं, त्याचं काय न्हाई. मला तरी कुठं येत हुतं? पर तू 'न्हाई येत' म्हनला असतास, तर मी नाक्यावरच्या मास्तरांकडं गेलो असतो. धा पावलांवर तर हुते." रागावले असते तर बरे वाटले असते. ते रागावले नाहीत. छत्री उचलून गेले.

माझ्या अज्ञानाने मामांचे जितके नुकसान केले, त्याहून अधिक माझ्या सोंगाने केले. हे मला त्यांच्या एका वाक्याने कळले. खंत करावयाची तर नेमकी कशाची, हे शोधावे लागते. चुकीच्या गोष्टीची खंत करीत राहिलो तर बदलही चुकीच्याच जागी होतो.

एक थोर उदाहरण

आपली संधी परत न मिळाली, तरी खंत वाया जात नाही. गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये आपल्या अक्षराविषयी लिहिले आहे. सुवाच्य अक्षर हा शिक्षणाचा आवश्यक भाग नाही, अशी लहानपणी त्यांची समजूत होती, आणि ती विलायतेस जाईपर्यंत टिकली. पुढे दक्षिण आफ्रिकेत वकिलांची आणि तिथल्या सुशिक्षित तरुणांची मोत्यासारखी अक्षरे पाहून त्यांना लाज वाटली. त्यांनी अक्षर सुधारण्याचा प्रयत्न केला. पण वेळ गेली होती. ते सुधारले नाही.

गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती हळहळ झाली असती. परंतु त्यांनी त्यातून मुलांना कसे शिकवावे याचा विचार काढला. मुलांना आधी चित्र काढावयास शिकवावे. फुले-पक्षी पाहून जसे ते काढतात तशीच अक्षरे पाहून काढू लागले की अक्षर सुंदर होईल, असे त्यांनी मांडले. स्वतःचे अक्षर वाईटच राहिले, पण पुढच्या मुलांसाठी त्यातून एक वाट निघाली. गेलेली संधी आपल्या दारी बहुधा परत येत नाही. ती दुसऱ्याच्या दारी येते. ज्याने ती एकदा गमावली, त्याला ती दुरून ओळखता येते. आणि त्या दारी जाऊन "अरे, उघड" असे सांगण्याचे काम त्याच्याइतके कोणाला जमत नाही.

इथे एक इशारा दिला पाहिजे. आपली हुकलेली गाडी मुलाच्या खांद्यावर लादणे म्हणजे खंतीचे सार्थक नव्हे. मला डॉक्टर होता आले नाही म्हणून तू हो, असे म्हणणाऱ्या बापात बदल झालेला नसतो. त्याने आपली खंत दुसऱ्याच्या नावावर चढविलेली असते. दुसऱ्याच्या दारी जावयाचे ते त्याची संधी त्याला दाखविण्यासाठी.

तेव्हा करावे काय?

माझ्या अल्प अनुभवावरून इतकेच सांगतो. मनात जे सलते आहे, ते एका वाक्यात कागदावर लिहावे. 'आयुष्य वाया गेले' असे लिहू नये. ते वाक्य काहीच सांगत नाही. 'मी अमुक साली अमुक केले नाही' असे लिहावे. त्यातले माझ्या हातात काय होते आणि काय नव्हते, ते वेगळे करावे. जे हातात नव्हते त्यासाठी एकटे कुढत बसू नये. तशीच खंत असलेली आणखी चार माणसे गाठावी, म्हणजे त्याची मागणी होते. जे हातात होते, त्याचे दार अजून उघडे आहे काय ते पाहावे. रात्रशाळा आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले ते अशाच माणसांसाठी. मुक्त विद्यापीठात शिकून नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर परीक्षेस बसलेली माणसे मी पाहिली आहेत. आणि दार खरोखरच बंद झाले असेल, तर आपल्या गल्लीत, आपल्या खात्यात, तेच दार कोणापुढे उघडे आहे ते शोधावे.

यातून खंत नाहीशी होते काय? माझी झालेली नाही. मामा आता नाहीत. त्यांचे राहिलेले वर्षांचे वेतन मी कुठून आणणार? शनिवारी दुपारी पाळी सुटण्याचा भोंगा ऐकला की आजही पोटात कालवते. पण रविवारी सकाळी दहाला टेबलाशी जाऊन बसलो आणि समोरच्याने घडी उलगडून कागद पुढे केला, की ते कालवणे कामाला लागते.

आपल्यापैकी कोणाच्या पिशवीत एखादा भरलेला फॉर्म घडी होऊन पडला असेल. आज घरी गेल्यावर तो काढून त्यावरची शेवटची तारीख पाहा. तारीख उरली असेल तर उद्या सकाळी तो नेऊन द्या. उरली नसेल, तर शेजारच्या घरात विचारा. तिथे कोणाची तरी तारीख अजून असेल.